बक्षीसपत्र आणि म्हातारपण

मेहरूण जळगांव शहरांत सामील झालें, शेतजमिनीस बिनशेतीचा भाव आला आणि हयातींतच जमीन मुलांच्या नांवें करून देण्याची घाई वाढली. महसुलाच्या दप्तरांत आयुष्य घालविलेले आम्ही इतकेंच सांगतों कीं, बक्षीसपत्र नोंदून फेरफार मंजूर झाला कीं सातबाऱ्यावर बापाच्या नांवास कंस होतो. मुलानें तोंडीं दिलेला शब्द मात्र कोठेंच नोंदला जात नाहीं.

सन २००७ च्या कायद्यान्वयें निर्वाहास असमर्थ आईबापांस प्रांतसाहेबांकडे अर्ज करून दरमहा १०,००० रुपयांपर्यंत पोटगी मागतां येते. त्याच कायद्याच्या २३ व्या कलमानें, ६० वर्षांवरील मनुष्यानें सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत, सांभाळ न झाल्यास, परत मिळवितां येते. मात्र अशी अट असणें आवश्यक आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं ठरविलें.

म्हणून शेतकरी बंधूंनीं अन्न, वस्त्र, औषधपाणी व राहती जागा यांची अट दस्तांतच स्पष्ट लिहवून घ्यावी. घरांत अपंग अपत्य असल्यास त्याचा हिस्सा भावांच्या भरंवशावर न सोडतां त्याच्याच नांवें लावावा. मुलास वाईट वाटेल, हा संकोच व्यर्थ आहे. जो सांभाळणार, त्यास अटीचें ओझें वाटत नाहीं. ज्यास वाटतें, त्याच्यासाठींच ती अट आहे.