वाचक नसलेली रोजनिशी

‘सकाळी उठलो. दात घासले. आंघोळ केली. शाळेत गेलो. अभ्यास केला. खेळलो. जेवलो. झोपलो.’ प्राथमिक शाळेत ज्यांच्याकडून कधीकाळी रोजनिशी लिहून घेतली गेली, त्या बहुतेकांनी हा मजकूर एकदा तरी लिहिलेला असतो. आम्हीही लिहिलेला आहे. सोमवारचा मजकूर मंगळवारी जसाच्या तसा उतरवला तरी कोणाचे काही बिघडत नाही, कारण तो लिहिणाऱ्यासाठी नसतो आणि वाचणाऱ्यासाठीही नसतो. तो तपासणाऱ्यासाठी असतो. खाली तारीख आणि सही पडली की सर्व संबंधितांची सुटका होते.

यावरून काढला जाणारा निष्कर्ष सर्वांच्या परिचयाचा आहे. लहान मुलांना लिहिण्याजोगे काही नसते, त्यांचे अनुभवविश्व तोकडे असते, सबब त्यांना आधी मुद्दे द्यावेत, मग नमुना द्यावा आणि मग तो गिरवून घ्यावा. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ या निबंधाची परंपरा अशीच चालत आली आहे. तीत माणदेशातले मूलही कोकणातला पाऊस लिहिते, आणि आयुष्यात न पाहिलेल्या इंद्रधनुष्याला न चुकता सात रंग देते. हा निष्कर्ष आम्हांस साफ अमान्य आहे. मुलांपाशी सांगण्यासारखे नसते असे नाही. आपण ते वाचायला बसत नाही, आणि मूल हे आपल्या अंदाजापेक्षा फार लवकर ओळखते.

आमच्या नात्यातल्या एका मुलाची तिसरीची वही आमच्यासमोर आहे. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही; ती कोणतीही असू शकली असती. जूनच्या अखेरीस त्याने लिहिले आहे की काल रात्री लाईट गेली, मग बाबांनी गोष्ट सांगायला घेतली, मग लाईट आली आणि गोष्ट थांबली. इतकेच, चार ओळी. सर्वच घरांत थोड्याफार फरकाने घडणारी गोष्ट त्या मुलाने कोणतीही विशेषणे न वापरता सांगितली आहे. तिच्यावर लाल शाईने जे झाले ते असे : ‘लाईट’भोवती वर्तुळ, समासात ‘वीज’ हा शब्द तीनदा लिहिण्याची आज्ञा, ‘रात्रि’ची वेलांटी दीर्घ, ‘आणी’ची ऱ्हस्व, आणि खाली शेरा, ‘अक्षर सुधारा’. दिवाळीच्या सुटीच्या सुमाराचे पान काढले तर तेथे ‘सकाळी उठलो, दात घासले’ सुरू झालेले दिसते. अक्षर खरोखरच सुधारले आहे आणि शुद्धलेखनाची एकही चूक नाही. शाळेच्या लेखी हे यशच.

आम्ही शुद्धलेखनाचे वैरी नव्हे. लिहिलेले दुसऱ्याला विनासायास वाचता यावे यासाठी नियम लागतात, हे आम्हांस मान्य आहे. पण नियमांचा अभिमान बाळगणाऱ्यांनी त्यांचा इतिहासही ध्यानात ठेवावा. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने 1962 साली स्वीकारले आणि 1972 साली त्यांत आणखी चारांची भर पडली. तोवर ‘कवि’ आणि ‘बुद्धि’ ऱ्हस्व लिहिणारे सुशिक्षित समजले जात. नंतर तेच शब्द तसेच लिहिणाऱ्या मुलांचे गुण कापले जाऊ लागले. आता ‘आणी’ लिहिणाऱ्या त्या तिसरीतल्या मुलाकडे पाहा. शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहावा असे आपणच त्याला शिकवतो. ‘आणि’ आणि ‘नि’ हे त्याला अपवाद आहेत. म्हणजे त्याने नियम पाळला होता, अपवाद तेवढा त्याला ठाऊक नव्हता. ज्याला ही चूक वाचता येते तो शिक्षक मुलाला एक चांगला धडा देऊ शकतो. ज्याला ती फक्त दिसते, तो वर्तुळ काढतो.

‘लाईट’चे प्रकरण याहून गंभीर आहे. महाराष्ट्रातल्या किती घरांत वीज ‘जाते’ आणि किती घरांत लाईट जाते, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा. मुलाने घरातला शब्द वहीत आणला, कारण घटना घरातली होती. तो शब्द बाहेर काढताना आपण त्याला असे सांगतो की घरात जे बोलले जाते ते लिहिण्याच्या लायकीचे नाही. शहरी, पांढरपेशा घरातले मूल हे एक वेळ सोसते. मालवणी, अहिराणी किंवा झाडीबोली बोलणाऱ्या मुलाच्या बाबतीत मात्र एक शब्द जात नाही, जवळजवळ सगळे वाक्यच जाते. मग मागे उरते ते दात घासणे. ते सर्व बोलींत सारखेच असते.

तर मग चुका तशाच राहू द्यायच्या काय, असा प्रश्न येतो आणि तो रास्त आहे. त्याचे एक उत्तर शंभर वर्षांपूर्वी फ्रान्समधल्या एका खेड्यात दिले गेले. सेलेस्तँ फ्रेने हा तरुण शिक्षक पहिल्या महायुद्धात 1917 साली फुफ्फुसाला जखम घेऊन परतला होता. तासन्‌तास मोठ्याने बोलत वर्ग ‘घेणे’ त्याला शक्य नव्हते. (शिक्षकाचे बोलणे कमी झाल्याने शिक्षणाचे भले झाल्याचे हे एकमेव उदाहरण नसावे.) दक्षिण फ्रान्समधल्या बार-सुर-लू या गावी त्याने 1924 साली वर्गात एक लहानसे छपाईयंत्र आणले. मुलांनी आपल्याला हवे ते, हवे तेव्हा लिहावे. लिहिलेले वर्गात मोठ्याने वाचावे. त्यांतला एक मजकूर वर्गाने मते देऊन निवडावा. निवडलेला मजकूर फळ्यावर घेऊन सर्वांनी मिळून, लेखकाच्या संमतीने, नीट करावा. आणि मग मुलांनी स्वतःच्या हातांनी खिळे जुळवून तो छापावा. व्याकरण तेथे वर्ज्य नव्हते, पण ते यायचे नेमके कामाच्या वेळी. ज्याला एकेक खिळा उचलून लावायचा आहे, त्याला अक्षर चुकले तर काय होते हे सांगावे लागत नाही.

दोन वर्षांनी, 1926 साली, या वर्गाचा पत्रव्यवहार ब्रिटनीतल्या त्रेगुंक येथल्या रने दानिएल यांच्या शाळेशी सुरू झाला. आमच्या मते खरी मेख येथे आहे. डोंगरातल्या मुलांचे लिहिणे आता अटलांटिकच्या काठावरची मुले वाचणार होती. एकाचे रोजचे ते दुसऱ्याला अगदी अपरिचित. आपल्या गावात जे सांगावेच लागत नाही ते तिकडे सांगावे लागते. आणि ‘तुम्ही म्हणता ते नेमके कसे असते’ असा प्रश्न आला की वाक्य पुन्हा नीट लिहावे लागते. स्पष्टपणाची ही गरज कोणत्याही लाल शाईला निर्माण करता आलेली नाही. शेरा मिळाला की मूल वही मिटते. प्रश्न आला तर ते आणखी लिहिते.

योगायोग असा की त्याच 1924 साली साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक म्हणून रुजू झाले. पुढे छात्रालयाची जबाबदारी आल्यावर तेथील मुलांसाठी ते ‘छात्रालय दैनिक’ स्वहस्ते लिहून काढीत. तेथली मुले मोठी होती आणि लिहिणारे शिक्षक होते, हा फरक आम्ही विसरत नाही. तरी त्या उदाहरणातली एक गोष्ट आजच्या प्राथमिक शाळेलाही लागू आहे : जो मुलांपुढे लिहिण्याचा आग्रह धरतो, तो स्वतः रोज लिहीत होता. आज रोजनिशीचे महत्त्व पटवून देणाऱ्या शिक्षकांपैकी, आणि साहित्यावर लिहिणाऱ्या आमच्यासारख्यांपैकीही, किती जण रोज चार ओळी लिहितात? ज्याने स्वतःच्या दिवसातून एक गोष्ट निवडण्याची धडपड कधी केलेली नाही, त्याला मुलाने निवडलेली गोष्ट ओळखू येण्याची शक्यता कमीच.

वेळ नाही, ही तक्रार मात्र आम्ही उडवून लावणार नाही. दोनशिक्षकी शाळेत एकेका शिक्षकापुढे दोन-तीन इयत्ता असतात, शिवाय माहित्यांचे तक्ते भरायचे असतात. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने प्राथमिक स्तरावर तीस मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण घालून दिले. तीस वह्या रोज तपासणे ही शिक्षाच आहे, आणि ती देऊ नये असेच आमचे म्हणणे आहे. रोज सहा वह्या वाचल्या तर पाच दिवसांत तीसही होतात. वाचायच्या, तपासायच्या नव्हेत. खाली एक ओळ लिहायची, तीही शक्यतो प्रश्नाची. ‘मग गोष्ट पुढे काय झाली?’ हे पाच शब्द लिहायला ‘वीज’चे वर्तुळ काढण्याहून अधिक वेळ लागत नाही. उरलेल्या दिवशी मुलांनी एकमेकांच्या वह्या वाचाव्यात. आणि ज्याला आज आपली वही दाखवायची नाही, त्याला तसे सांगण्याची मुभा असावी.

या शेवटच्या वाक्यावर आम्हांला थोडे थांबायचे आहे, कारण सध्या वारे नेमके उलट दिशेने वाहत आहेत. तपासनीसाची जागा प्रेक्षकांनी घ्यायला सुरुवात केली आहे. वर्गातले ‘उत्तम’ पान निवडायचे, त्याचे छायाचित्र काढायचे, पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकायचे. की अंगठे आणि फुले येतात. यालाच मुलांना वाचक मिळवून देणे असे म्हटले जाते. पूर्वीच्या वार्षिक हस्तलिखिताची ही सुधारित आवृत्ती होय. त्यात सुंदर अक्षराच्या दोन मुलींनी सर्वांचे उतरवून काढायचे आणि बाकीच्यांनी पाहत बसायचे. गटावर पान झळकू लागले की पहिला परिणाम वहीवर नव्हे, घरावर होतो. आई-वडील संध्याकाळी विचारतात, ‘आज काय लिहिणार आहेस?’ आणि मग तेच सांगू लागतात. लाईट गेल्याची गोष्ट राहते. बाबा गोष्ट अर्धवट सोडतात हे चाळीस पालकांनी कशाला वाचावे?

आम्ही मुलांचे लिहिणे छापण्याच्या विरुद्ध नाही. तसे असते तर फ्रेनेचे नावच घेतले नसते. पण त्याच्या चरित्रातला पुढचा भागही वाचायला हवा. 1932 साली तो साँ-पोल गावच्या शाळेत असताना एका मुलाने आपले स्वप्न लिहिले. स्वप्नात तो मेयरवर, म्हणजे आपल्याकडच्या सरपंचासारख्या गावप्रमुखावर, चालून जातो आणि त्याला ठार करतो. मजकूर छापला गेला. वर्षअखेरीस त्याच्या प्रती गावाच्या भिंतींवर डकवल्या गेल्या. मुलांना बिघडवणारा शिक्षक म्हणून फ्रेनेविरुद्ध मोहीम उघडण्यात आली आणि उजव्या पत्रांनी ती देशभर नेली. 1933 साली त्याला ती शाळा सोडावी लागली. 1935 साली त्याने व्हाँस येथे स्वतःची शाळा काढली.

या प्रसंगाचे तात्पर्य ‘छापू नये’ असे सांगितले जाते. आम्ही ते वेगळे वाचतो. ओरड झाली तेव्हा शिक्षक पुढे उभा राहिला. किंमत त्याने मोजली, मुलाच्या गळ्यात घातली नाही. गटावर छायाचित्र टाकणारी आजची शाळा उद्या अशी ओरड झाली तर काय करील? पान काढून टाकील, मुलाला समज देईल आणि यापुढे ‘सकारात्मक’ लिहा म्हणून सांगेल. ज्याची किंमत मोजण्याची शाळेची तयारी नाही, ते पान तिने वर्गाबाहेर नेऊ नये, इतकी साधी आमची मागणी आहे. 2023 साली संसदेने केलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती बालक ठरते आणि तिच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळण्याजोग्या संमतीची अट येते. ठीक आहे. पण पालकांची संमती म्हणजे मुलाची नव्हे. आठ वर्षांच्या मुलाला ‘हे पान बाहेर दाखवू का?’ असे विचारण्यासाठी कोणत्याही कायद्याची वाट पाहावी लागत नाही, आणि त्याने ‘नको’ म्हटले तर ते ऐकण्यासाठीही नाही.

त्रेगुंकच्या मुलांनी उलट विचारले होते. अंगठा विचारत नाही. कोल्हापूरच्या शाळेतल्या चौथीने गडचिरोलीतल्या एखाद्या चौथीला पत्र लिहावे, तिकडून उत्तर यावे, त्यात न कळलेल्या शब्दांची यादी असावी. एवढ्याने जे साधेल ते गटावरच्या शंभर फुलांनी साधणार नाही. टपालाचा खर्च शाळेला परवडण्याजोगा आहे. आपल्याकडे शाळेत ‘डायरी’ म्हटले की गृहपाठ आणि तक्रारी लिहिण्याची व पालकांच्या सहीची वही समोर येते. हा शब्द मुलांना परत मिळाला तर बरेच काही होईल, पण तो वेगळा विषय आहे.

ती वही परत करण्यापूर्वी आम्ही त्या मुलाला विचारले, की लाईट आल्यावर थांबलेली गोष्ट कोणती होती. तो आता पाचवीत आहे. त्याने पान उलटसुलट पाहिले, आपलेच अक्षर ओळखून हसला, आणि म्हणाला, ‘आठवत नाही. कोणी विचारलंच नव्हतं.’ समासातला ‘वीज’ मात्र त्याने लगेच वाचून दाखवला, तिन्ही वेळा.