'बसतंय' आणि 'बसलंय'

आमच्या खानदेशातल्या कुठल्याही वर्कशॉपमध्ये जा आणि अडचण सांगा. उत्तर ठरलेलं असतं. "व्हई जाई, भाऊ!" म्हणजे होऊन जाईल, काळजी नको. आणि बहुतेक वेळा होतंच हो! ऐन हंगामात मोटार बंद पडली, ठिबकचा फिल्टर फुटला, ट्रॉलीचा हुक तुटला, तर कॅटलॉग बघत बसायला वेळ कुणाला असतो? या 'व्हई जाई'वर कित्येक एकर केळी तगल्या आहेत. तेव्हा मी जुगाडाच्या विरोधात बोलतोय असं कृपया समजू नका.

पण एक जागा अशी आहे की तिथे हे वाक्य दाराबाहेर चपलांशेजारी काढून ठेवावं असं माझं ठाम मत आहे. लाकडाच्या लेथच्या स्पिंडलवर चक बसवताना.

हल्ली पुण्या-मुंबईतल्या आयटीवाल्यांना सुतारकामाचं वेड लागलंय. कुणी फ्लॅटच्या बाल्कनीत, तर कुणी जळगाव-धुळ्याच्या घरच्या पडवीत छोटा लेथ मांडतो. लाटणं, रवी, भोवरा करायचा तर लाकूड दोन टोकांच्या मध्ये धरता येतं, चक लागत नाही. वाडगा किंवा काठवट करायची म्हटली की मात्र आतून कोरायचं असतं, म्हणजे समोरचं टोक मोकळं हवं. मग लाकूड एकाच बाजूने घट्ट धरणारा चक लागतो. तो ऑनलाइन मागवला जातो, येतो, आणि स्पिंडलवर जात नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे, थोडासा जातो.

हे 'थोडासा जातो' प्रकरण नीट समजून घेऊ. सव्वा इंची स्पिंडलवर इंचाला आठ आटे असतात. म्हणजे व्यास 31.75 मिमी आणि दोन आट्यांमधलं अंतर 3.175 मिमी. दुसरीकडे मेट्रिक एम-33 चा चक असतो, व्यास 33 आणि अंतर 3.5 मिमी. हा चक त्या स्पिंडलवर एक-दोन फेरे आरामात फिरतो. आटे जरा सैल असल्यामुळे सुरुवातीला चूक पोटात घेतात. पण दर फेऱ्याला 0.325 मिमीचा फरक साठत जातो आणि मग चक अडतो. हाताला वाटतं, "वा, घट्ट बसला!" प्रत्यक्षात तो बसलेला नसतो, अडकलेला असतो. युनिट टेस्ट पास आणि प्रॉडक्शनमध्ये बोंब, तसंच.

घट्टपणा आट्यांमधून येतो असं आपण गृहीत धरतो, तिथेच गडबड आहे. आट्यांचं काम फक्त ओढण्याचं. चक सरळ राहतो तो स्पिंडलच्या खांद्यामुळे. खांदा म्हणजे आटे संपतात तिथली सपाट कड. चकची पाठ त्या खांद्याला पूर्ण टेकली की चक बसला. खांद्यात आणि पाठीत फट राहिली तर चक फक्त आट्यांवर लटकतोय, मग पान्याने कितीही आवळा. टेकण्याची जागा स्वच्छ हवी हे ओघाने आलंच. 45 मिमी व्यासाच्या खांद्यावर एका कडेला 0.1 मिमीचा कचरा अडकला तर 300 मिमीच्या काठवटीची कड जवळपास 0.67 मिमी डोलते. आणि हीच काठवट मिनिटाला 1000 फेरे फिरत असेल तर तिच्या कडेचा वेग ताशी 56 किलोमीटरच्या आसपास जातो. एवढ्या वेगाने ओलं लाकूड आणि लोखंडी चक सुटला तर समोर तोंड कुणाचं असतं, हे सांगायला नको.

यावर आपल्याकडचा हमखास उपाय म्हणजे टेफ्लॉन टेप. नाहीतर सफेदा लावून गुंडाळलेला धागा. त्यात आपला दोष नाही, जळगाव पडलं पाइपांचं गाव! जैन इरिगेशनमुळे पीव्हीसी पाइप आणि ठिबक म्हटलं की लोकांना जळगाव आठवतं. इथे आटे म्हटलं की पाणी थांबवणं हेच डोक्यात येतं. पाइपचे आटे निमुळते असतात, जितके आवळाल तितके रुततात, राहिलेली फट टेप भरून काढते. पाण्यासाठी एकदम बरोबर. लेथच्या स्पिंडलवर मात्र टेप गुंडाळणं म्हणजे खांद्यापर्यंत पोचू न शकणाऱ्या चकला अधेमधेच मऊ गादीवर झोपवणं.

पाइपवाल्यांची दुसरी देणगी म्हणजे 'एक इंची' हा शब्द. मोटारीला जोडायच्या एक इंची जीआय पाइपच्या बाहेरच्या आट्यांवर व्हर्नियर लावून बघा, 33.25 मिमी येईल! कारण पाइपचा 'एक इंच' मुळात आतल्या पोकळीवरून पडलेलं नाव आहे, आणि तिथे इंचाला अकरा आटे असतात. एक इंची स्पिंडल मात्र खरोखर 25.4 मिमीचा असतो, इंचाला आठ आटे. म्हणजे फोनवर नुसतं "एक इंची आटे पाडून ठेवा" म्हटलं तर दोन माणसं दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलतायत. आणि नुसतं "33 मिमी" म्हटलं तर एम-33 आणि एक इंची पाइप यात फरक उरत नाही.

गंमत म्हणजे आपल्या जुन्या सुतारांकडे यासाठी अगदी फिट भाषा आहे. इंचाचे आठ सूत. इंचाला आठ आटे म्हणजे एका सुताला एक आटा! मोजमापाचा मेट्रिक कायदा 1956 साली आला, पण सुतार अजून 'दोन इंच तीन सूत' बोलतो. आणि नेमकं बोलतो.

"मग अडॅप्टर लावू की!" असं कुणीतरी म्हणेलच. लावा, गुन्हा नाही. पण तो फुकट नसतो. पाचोरा-जामनेर ही आपली छोटी रेल्वे 762 मिमी गेजची होती, आणि पाचोऱ्याची मेन लाइन 1676 ची. 2020 साली ती थांबेपर्यंत पुढे जाणाऱ्या प्रत्येकाला पाचोऱ्याला सामानासकट उतरून गाडी बदलावी लागायची. अडॅप्टरचंही तसंच. जोड एकाचे दोन होतात, दोन्हीकडची चूक बेरजेला येते, आणि चक बेअरिंगपासून लांब जाऊन जास्त डोलतो. त्यापेक्षा ज्या चकमध्ये आट्यांचा इन्सर्ट बदलता येतो तो घेऊन आपल्या स्पिंडलचा इन्सर्ट बसवणं केव्हाही चांगलं. तेही जमत नसेल तर बॅकप्लेट स्थानिक टर्नरकडून करून घ्यावी.

आता माझा खरा मुद्दा. आपण शहरी मंडळी काम बिघडलं की लगेच "छोट्या गावात अचूक काम होत नाही" म्हणून मोकळे होतो. मला हे साफ अमान्य आहे. जळगाव एमआयडीसीतला किंवा धुळ्याच्या अवधानमधला टर्नर 3.5 चे आटे बरोबर पाडू शकतो. त्याला फक्त 3.5 हा आकडा हवा असतो. आपण त्याला काय देतो? व्हॉट्सॅपवर एक फोटो आणि "असंच पाहिजे, दादा." आयुष्यभर क्लायंटच्या अर्धवट रिक्वायरमेंटवर रडणारे आपण, स्वतः क्लायंट झालो की नेमकं तेच करतो :-) 'व्हई जाई' ही अनेकदा त्याची बेफिकिरी नसते, आपल्या अर्धवट माहितीला दिलेलं सभ्य उत्तर असतं.

तेव्हा चिठ्ठीवर या गोष्टी लिहा. आट्यांचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने मोजून. सात आट्यांचं अंतर: सव्वाबावीस मिमी आलं तर इंची, साडेचोवीस आलं तर मेट्रिक. (एका इंचात आटे मोजू नका, 3.5 वाले तिथे सव्वासात येतात आणि घोळ होतो.) आट्यांची लांबी. खांद्याचा व्यास. खांद्याजवळ आटे नसलेला गुळगुळीत भाग असेल तर त्याची लांबी आणि व्यास, म्हणजे चकच्या तोंडाशी तेवढी मोकळी जागा ठेवता येते. आणि शक्य असेल तर स्पिंडलच सोबत न्या.

लेथ उलटा फिरवणार असाल तर तेही आधी सांगा. नेहमीच्या दिशेने लाकूड कापताना चक आपोआप आवळला जातो, उलट्या दिशेने सुटतो. मोटार झटकन थांबवली तरी जड चक स्वतःच्या जोरावर फिरत राहून ढिला होऊ शकतो. त्याला अडवणारा लॉकिंग स्क्रू हवाच.

असो. बॅकप्लेट हातात आली की पैसे देण्याआधी ती स्पिंडलवर चढवा आणि खांद्यापाशी कागदाची पट्टी सरकवून बघा. कुठूनही आत गेली नाही, तरच म्हणा बसलंय. गेली, तर अजून नुसतं 'बसतंय'.