टॅक्सीला परवाना हवा, पण कशासाठी?

मुंबई, खास प्रतिनिधी

ॲपवर टॅक्सी चालविणाऱ्यांनी जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर आंदोलन केले, तेव्हा त्यांच्या दोन मागण्या लक्षवेधी होत्या. काळ्या-पिवळ्या टॅक्सीइतके भाडे मिळावे ही पहिली, आणि टॅक्सी-रिक्षांच्या परवान्यांवर मर्यादा यावी ही दुसरी. परवाना पद्धतीला वळसा घालून उभा राहिलेला व्यवसाय दहा-बारा वर्षांतच परवान्याचे संरक्षण मागू लागला आहे. त्यामुळे टॅक्सीला सरकारी परवाना हवा, की कंपनीने अथवा संघटनेने दिलेले ऐच्छिक प्रमाणपत्र पुरे, हा जुना वाद नव्याने पुढे आला आहे.

परवाना आणि प्रमाणपत्र यांतील भेद अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ मध्येच स्पष्ट केला होता. परवाना नसेल तर व्यवसायच करता येत नाही. प्रमाणपत्र नसेल तर व्यवसाय करता येतो, निवड ग्राहकावर राहते. फ्रीडमन यांचा परवान्याला विरोध होता. परवाना हळूहळू आत असलेल्यांचे कुंपण बनतो, हा त्यांचा आक्षेप मुंबईच्या अनुभवाने खरा ठरविला.

परवान्याची मालमत्ता

राज्यात १९९७ मध्ये नव्या परवान्यांवर निर्बंध आले आणि ते २०१७ मध्ये उठले. मधल्या वीस वर्षांत शहर पसरले, परवाने मात्र गोठलेलेच राहिले. साहजिकच परवान्याला सेवेपेक्षा मालमत्तेचे मोल आले. परवाना एकाचा, गाडी चालविणारा दुसरा आणि रोजचे भाडे भरून उरेल ती त्याची कमाई, अशी व्यवस्था रुजली. जवळचे भाडे नाकारणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ नुसार दंडनीय असूनही नकार थांबला नाही.

न्यूयॉर्कमध्ये हीच कथा अधिक भीषण झाली. तेथील सुमारे साडेतेरा हजार टॅक्सी बिल्ल्यांपैकी एकेकाची किंमत २०१४ च्या सुमारास दहा लाख डॉलरवर गेली होती. ॲप-टॅक्सी आल्यावर ती कोसळली आणि कर्ज काढून बिल्ला घेणारे चालक देशोधडीला लागले. २०२१ मध्ये महापालिकेला कर्जसवलतीची योजना आणावी लागली.

प्रमाणपत्राची मर्यादा

म्हणून सारे बाजारावर सोडावे, हा निष्कर्ष मात्र घाईचा ठरेल. रस्त्यात हात दाखवून थांबविलेल्या टॅक्सीच्या चालकाची पुन्हा गाठ पडण्याची शक्यता जवळजवळ नसते. त्याचा लौकिक प्रवाशाला ठाऊक नसतो आणि ब्रेकची स्थिती बाहेरून दिसत नाही. ॲपने चालकाचे नाव, मार्गाची नोंद आणि प्रवाशांनी दिलेले तारे पुरवून ही उणीव काही अंशी भरून काढली. पण तारे वागणुकीबद्दल सांगतात, चालकाच्या पूर्वेतिहासाबद्दल नाही. शिवाय प्रमाणपत्र देणारी कंपनी प्रत्येक फेरीवर कमाई करते. जितके चालक अधिक, तितका तिचा फायदा.

डिसेंबर २०१४ मध्ये दिल्लीत उबरच्या चालकाने प्रवासी तरुणीवर बलात्कार केला. त्याच्यावर पूर्वीही गुन्हे दाखल असल्याचे नंतर उघड झाले. लंडनमध्ये नियामक संस्थेला २०१९ मध्ये आढळले, की दुसऱ्याच्या खात्यावर आपले छायाचित्र चढवून अनधिकृत चालकांनी उबरच्या किमान १४ हजार फेऱ्या केल्या होत्या. संस्थेने परवान्याचे नूतनीकरण नाकारले; कंपनीने सुधारणा केल्यावर २०२० मध्ये न्यायालयाने तो दिला. परवाना काढून घेण्याची शक्ती हाती होती, म्हणूनच सुधारणा झाली.

दोन कामांची गल्लत

मूळ घोळ असा, की परवान्याकडून दोन वेगळी कामे करून घेतली जातात. चालक आणि वाहन सुरक्षित आहेत का, हे पाहणे एक काम. रस्त्यावर किती टॅक्सी असाव्यात, हे ठरविणे दुसरे. पहिले प्रवाशाच्या हिताचे आहे, दुसऱ्याचा लाभ मुख्यतः आधीपासून परवाना असलेल्यांना होतो. वाहतूक कोंडीचे कारण दिले जाते आणि ते खोटे नाही. पण कोंडी खासगी मोटारींनीही होते. केवळ टॅक्सीची संख्या गोठवून ती सुटणार नाही.

केंद्राने २०१९ च्या दुरुस्तीने ॲप कंपन्यांना परवाना बंधनकारक केला. जुलै २०२५ च्या मार्गदर्शक तत्त्वांत चालकांचे प्रशिक्षण, पोलीस पडताळणी आणि विमा यांच्या अटी आहेत. मागणीच्या वेळी भाडे मूळ दराच्या दुपटीपर्यंत नेण्याची मुभाही आहे. दिशा योग्य आहे. मात्र पडताळणीचे काम कंपनीवर सोपवून सरकारने केवळ कागद तपासला, तर दिल्लीचा धडा वाया जाईल.

चालकाचा पूर्वेतिहास, वाहनाची योग्यता आणि विमा यांबाबत सक्ती हवी, आणि ती काळ्या-पिवळ्या व ॲप अशा दोन्ही टॅक्सींना सारखी हवी. गाडीची स्वच्छता, वातानुकूलन, शहराची माहिती, ज्येष्ठांना साह्य यांसाठी प्रमाणपत्र पुरेसे आहे. ते कमिशन घेणाऱ्या कंपनीऐवजी स्वतंत्र संस्थेने द्यावे. संख्येची मर्यादा मात्र पुन्हा आणू नये. आझाद मैदानावरील चालकांची अडचण खरी आहे. तिचे उत्तर रास्त भाड्यात आणि कमिशनवरील नियंत्रणात आहे. परवाने गोठवले, तर आज कर्ज काढून टॅक्सी घेणारा उद्या परवाना भाड्याने देईल आणि त्याची गाडी चालविणारा पुन्हा मैदानावर येईल.