दुरुस्तीचा खर्च कोणाच्या नावे?



आजचा विषय चारचौघांत बोलण्यास संकोच वाटावा असा आहे. परंतु घरमालक आणि भाडेकरू यांचे संबंध बिघडवण्यास तो एकटा पुरेसा असतो. भाड्याच्या घरातील शौचालय तुंबले, पाईप फुटला किंवा टाकी भरली, तर खर्च कोणी करावयाचा?

आपला या प्रश्नाशी दोन्ही बाजूंनी संबंध येतो. तेल्हाऱ्यात दुकानावरच्या किंवा मागच्या अंगणातील दोन खोल्या आपण एखाद्या शिक्षकाला, बँकेच्या कर्मचाऱ्याला देतो. आणि आपलीच मुले पुण्या-नागपुरात दुसऱ्याच्या घरात भाड्याने राहतात. मी स्वतः नोकरीत बदलीच्या गावी भाडेकरू होतो, निवृत्तीनंतर घरमालक झालो. चूक मात्र घरमालक झाल्यावर केली. ती आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या मागच्या खोल्यांत एक तरुण शिक्षक, त्यांची पत्नी आणि चार वर्षांची मुलगी असे कुटुंब राहत होते. श्रावणात शौचालय तुंबले. प्लंबरने सळई घातली, पाणी निघाले. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. घरात लहान मूल आहे, तिनेच काही टाकले असणार, असे मी ठरवून टाकले. शिक्षक म्हणाले, "काका, आम्ही काहीच टाकलं नाही हो." मी ऐकले नाही. दोन्ही वेळचे मिळून २,६०० रुपये त्यांच्या अनामत रकमेतून वळते केले. त्यांनी वाद घातला नाही. दिवाळीपूर्वी घर सोडले.

नंतर आलेल्या कुटुंबात लहान मूल नव्हते. तरी पुढच्या पावसाळ्यात शौचालय पुन्हा तुंबले. तेव्हा फरशी उकरली. चिनीमातीचा जुना पाईप सांध्यापाशी खचला होता आणि आत माती शिरली होती.

कारण आपल्या पायाखालीच होते. आपली भारी काळी जमीन उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यात पुरलेला पाईप दरवर्षी थोडा हलतो आणि कधीतरी त्याचा सांधा सुटतो. शिवाय आपल्या तालुक्याचा बराच भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात येतो. विंधन विहिरीच्या खारट पाण्याने लोखंडी पाईप गंजतात, तोट्या क्षारांनी आवळतात. यात भाडेकरूचा हलगर्जीपणा कोठेच नसतो.

आता कायदा पाहू. विदर्भात पूर्वी १९४९ चा मध्यप्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश लागू होता. जुन्या मंडळींना 'रेंट कंट्रोलर'कडील खेटे आठवत असतील. त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आला. तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्याच्या कलम १४ प्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर घर राहण्यायोग्य व दुरुस्त स्थितीत ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी. त्यानंतर वाजवी मुदतीत मालकाने दुरुस्ती केली नाही, तर ती भाडेकरूने स्वतः करावी आणि खर्च भाड्यातून वजा करावा, अशी सोय आहे. मात्र एका वर्षात वजा करावयाची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक असू नये. मासिक भाडे ४,००० रुपये असेल, तर वर्षाचे ४८,००० आणि मर्यादा १२,००० रुपये. भाडेकरूने पावत्या जपून ठेवाव्यात. खर्चाचा पुरावा म्हणून कायदा त्याच मानतो.

हा कायदा त्याच्या अनुसूचीत दिलेल्या गावांना व शहरांना लागू होतो. आपली जागा त्यात मोडते का, हे वकिलाकडून पाहून घ्यावे. जेथे तो लागू नाही तेथे १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम आहे. त्याच्या कलम १०८ नुसार भाडेकरूने घर घेतले तसे परत करावयाचे असते. परंतु नेहमीच्या वापराने होणारी झीज त्याच्या माथी मारता येत नाही. अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्समध्ये मुख्यतः करारातील शब्दच चालतात. म्हणून सही करण्यापूर्वी ते वाचावेत.

बारीकसारीक कामांची वाटणी कशी करावी, याचा चांगला नमुना केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या अनुसूचीत आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय तो बंधनकारक होत नाही, पण करार लिहिताना उपयोगी पडतो. त्यात गरजेप्रमाणे पाईप बदलणे मालकाकडे, तर नळ व त्याचा वायसर बदलणे, मोरी साफ करणे, शौचालयाच्या भांड्याची व बेसिनची दुरुस्ती भाडेकरूकडे दिली आहे.

माझ्या अनुभवाने मी त्यात थोडी भर घातली आहे. रोजच्या हाताळणीने जे बिघडते ते भाडेकरूचे. जमिनीत, भिंतीत किंवा छतात जे आहे ते मालकाचे. तुंबलेल्या पाईपातून कापड, खेळणे किंवा प्लास्टिक निघाले, तर तो खर्च निःसंशय भाडेकरूचा. पण कारण सापडलेच नाही, तर मालकाने भरावे. कारण घर सोडताना भाडेकरू नवा पाईप बरोबर नेत नाही, तो मालकाच्याच मालमत्तेत राहतो. मुख्य म्हणजे आधी कारण शोधावे, मग बिलाचे नाव ठरवावे. मी नेमके उलटे केले होते.

सेप्टिक टाकीचेही असेच. ती दोन-तीन वर्षांनी उपसून घ्यावी आणि हा खर्च मालकाने करावा, कारण टाकी बांधकामाचाच भाग आहे. चार पैसे वाचावेत म्हणून कोणा मजुराला आत उतरवू नये. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय असे काम करवून घेणे हा गुन्हा ठरवला आहे. पहिल्या वेळीच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. टाकीतील वायूने माणूस क्षणात गुदमरतो. मैला ओढणारी गाडीच बोलवावी.

आणखी दोन गोष्टी. भाडेकरूने घर सोडावे म्हणून त्याचे पाणी किंवा शौचालय बंद करण्यास भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २९ ने मनाई आहे. आणि कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा. ती जबाबदारी मालकाची. तसा करार नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे खरे धरले जाते. ते खोटे ठरवण्याचा भार मालकावर येतो. शब्दावर व्यवहार करण्याची आपली रीत चांगली आहे, पण घर देताना शब्दाला कागदाची जोड द्यावी. त्या कागदावर पाईप, भांडे, फ्लश आणि टाकी यांची स्थिती लिहावी, जमल्यास छायाचित्रे जोडावीत.

फरशी उकरल्यानंतर आठ दिवसांनी आम्ही उभयता त्या शिक्षकांच्या घरी गेलो. मी २,६०० रुपये आणि प्लंबरने काढलेला पाईपाचा फोटो त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी पैसे घेतले, मग म्हणाले, "काका, पैशाचं काही नाही. तुम्ही पोरीवर आळ घेतला, ते तिच्या आईला फार लागलं होतं." त्या माउली आत चहा करीत होत्या. मी उठून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो आणि त्यांची क्षमा मागितली.

बँकेत चुकीची नोंद उलटी करता येत असे. येथे रक्कम परत करता आली. पण ते कुटुंब आमच्या घरातून ज्या मनाने गेले, ते मला बदलता आले नाही. पावसाळा लागण्यापूर्वी आपापल्या भाड्याच्या खोल्यांचे चेंबर एकदा उघडून पाहावेत, एवढीच विनंती.