तक्त्यातला एकच आकडा

भिलाईच्या एखाद्या सेक्टरमधील घरात निवृत्तीची तारीख जवळ आली की, हल्ली हिशेबाच्या वहीऐवजी संगणकावर स्प्रेडशीट उघडली जाते. ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधी, मुलीचे लग्न, घराची डागडुजी असे रकाने भरतात. परताव्याच्या रकान्यात एक आकडा टाकला की, पुढच्या वीस वर्षांचा हिशेब क्षणात तयार!

१९७९ साली ‘व्हिजिकॅल्क’ ही वैयक्तिक संगणकावरची पहिली स्प्रेडशीट आली आणि आकडेमोडीचा त्रास वाचला. पण अंदाज मात्र आपलाच राहिला. तो खरा ठरेल का, हे तक्ता सांगत नाही.

एक उदाहरण पाहा. दहा लाख रुपये म्युच्युअल फंडात ठेवले आणि वर्षाअखेर एक लाख खर्चाला काढायचे ठरवले. दरवर्षी ८ टक्के वाढ धरली, तर दोन वर्षांनी ९ लाख ५८ हजार ४०० रुपये उरतात. आता समजा, पहिल्या वर्षी बाजार १० टक्के घसरला व दुसऱ्या वर्षी २६ टक्के वाढला. सरासरी तीच, ८ टक्के. पण उरतात फक्त ९ लाख ८ हजार! घसरणीनंतरची वाढ कमी झालेल्या रकमेवरच होते, शिवाय पडत्या काळात काढलेल्या पैशाला पुढच्या तेजीचा लाभ मिळत नाही, म्हणून दोनच वर्षांत पन्नास हजारांचा फरक पडतो.

यावर उपाय म्हणजे ‘मॉन्टे कार्लो’ पद्धत. स्टॅनिस्लाव उलाम या गणितज्ञांना १९४६ साली आजारपणात पत्त्यांचा सॉलिटेअर खेळताना ती सुचली. यात संगणक चांगली-वाईट वर्षे उलटसुलट क्रमाने लावून हजारो वेळा हिशेब करतो आणि दर शंभरांपैकी किती वेळा पैसे पुरले, ते सांगतो. एका आकड्याऐवजी शक्यता कळते.

दुसरी अडचण निवडीची. भिलाई पोलाद कारखान्यात वर्षानुवर्षे लोहखनिज आले दल्ली-राजहऱ्याहून, चुनखडक नंदिनीहून, डोलोमाइट हिर्रीहून. अशा कारखान्यात कोणता माल किती मिसळला म्हणजे दर्जा राखून खर्च कमीत कमी होईल? तक्त्यात एकेक प्रमाण घालून पाहू लागलो, तर जन्म पुरायचा नाही. त्यासाठी ‘लिनियर प्रोग्रॅमिंग’ आहे. ज्या सोव्हिएत संघाच्या मदतीने भिलाईचा कारखाना उभा राहिला, तेथील लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ साली प्लायवूड उद्योगाच्या एका प्रश्नावरून त्याचा पाया घातला. १९७५ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. अशा लहान प्रश्नांसाठी एक्सेलमध्येही ‘सॉल्व्हर’ ही सोय आहे.

घरच्या हिशेबाला मोठे सॉफ्टवेअर हवेच असे नाही. तक्ता ठेवा, पण परताव्याचे रकाने तीन करा : चांगला, मध्यम आणि वाईट. वाईट रकान्यात पहिली दोन वर्षे मुद्दाम तोट्याची धरा. महागाई आणि औषधपाण्याचा खर्च वेगळा लिहा. मग पती-पत्नींनी मिळून वाईट रकाना आधी वाचावा. त्यातही घरखर्च आणि औषधपाणी भागत असेल, तर निर्धास्त राहा. भागत नसेल, तर वरच्या मजल्याचे बांधकाम किंवा लग्नातला थाट आताच आवरता घ्या. निवृत्तीनंतर दहा वर्षांनी हे उमगले, तर नवी कमाई करायला वय उरलेले नसते.