देऊळ, पडदा आणि पाथरवट

बीड शहरातील कंकालेश्वराचे देऊळ आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी पाहिले असेल. कुंडाच्या पाण्यात उभ्या असलेल्या त्या पाषाणमंदिरात शिरणारा मनुष्य उजेडातून अंधारात आणि ऐसपैस मंडपातून अरुंद गाभाऱ्याकडे जातो. देव जसजसा जवळ येतो, तसतशी जागा आखूड होत जाते. ही रचना केवळ आमचीच आहे असे समजण्याचे कारण नाही. सुमारे ३,००० वर्षांपूर्वी शलमोन राजाने यरुशलेमेत बांधलेल्या देवळाचे जे वर्णन यहुदी धर्मग्रंथात आहे, तेही याच धाटणीचे आहे. पुढे देवडी, मध्ये दालन आणि शेवटी परमपवित्रस्थान, म्हणजे गाभारा. लांबी ६० हात, रुंदी २० हात, उंची ३० हात. गाभारा मात्र तिन्ही मापांनी सारखाच, २० हातांचा. इ. स. पूर्व सहाव्या शतकाच्या आरंभी बाबिलोनच्या सैन्याने ते देऊळ जाळले, आणि आज त्याचा एक दगडही खात्रीने दाखविता येत नाही. तथापि जगभरचे ख्रिस्ती लोक आपल्या उपासनेत त्याचा अर्थ अद्यापि शोधीत असतात. जे देऊळ उरले नाही त्याचा अर्थ का उरावा, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. आणि आमच्या मते त्याचे उत्तर ख्रिस्ती मंडळींइतकेच आम्हांसही लागू आहे.

प्रथम त्या गाभाऱ्यात काय होते ते पाहावे. तेथे पूजेची मूर्ती नव्हती. सोन्याने मढविलेले दोन पंखधारी रक्षक होते, त्यांच्या पंखांखाली एक पेटी होती, आणि पेटीत आज्ञा कोरलेल्या दोन शिळा होत्या. याहून अधिक काही नव्हते, असे ग्रंथ सांगतो. म्हणजे एवढ्या सोन्याच्या व गंधसरूच्या वैभवाच्या गर्भात जपून ठेवले होते ते आचरणाचे नियम. चोरी करू नये, खोटी साक्ष देऊ नये, शेजाऱ्याच्या वस्तूचा लोभ धरू नये, हे त्यांतलेच. ज्या व्यापाऱ्याने सकाळी देवदर्शन करून दुपारी मापात खोट केली, त्याच्या देवळाचा गाभारा रिकामा आहे, असाच याचा सरळ अर्थ होतो.

दुसरी गोष्ट अशी की, त्या बांधकामासाठी लागणारे दगड खाणीतच घडवून आणीत आणि देवळाच्या जागेवर हातोडीचा आवाजही होत नसे. ख्रिस्ती उपदेशकांनी यावरून पुष्कळ निरूपण केले आहे. माणसाने उपासनेस यावे ते आधी घरी, बाजारात, शेतात स्वतःला घडवून. देवासमोर येऊन मग ठाकठोक करू नये, हा त्याचा भावार्थ. तो सुंदर आहे. परंतु ते दगड खाणीत घडविले कोणी, हे निरूपणात क्वचितच येते. त्याच ग्रंथात आकडे आहेत: ७०,००० ओझी वाहणारे, ८०,००० डोंगरात दगड फोडणारे, आणि लबानोनात लाकडासाठी पाळीपाळीने धाडलेले ३०,००० वेठीचे लोक. देवळास ७ वर्षे लागली. राजाने स्वतःच्या वाड्यास १३ वर्षे घातली. पुढे राजा वारला तेव्हा प्रजेने त्याच्या पुत्राकडे एवढेच मागितले की, आमच्या मानेवरचे जू हलके करा. त्याने ते अधिक जड करण्याची धमकी दिली. लोकांनी वेठीवरच्या अंमलदारास दगडांनी ठार केले, आणि राज्याची दोन शकले झाली. ज्यांनी देऊळ उभारले त्यांच्याच घामाने राज्य फुटले! ग्रंथकर्त्यांनी हे झाकून ठेवले नाही, हा त्यांचा मोठेपणा होय.

तिसरी गोष्ट पडद्याची. गाभाऱ्यापुढे एक पडदा असे आणि त्याच्या आत वर्षातून एकदाच, तेही मुख्य याजकानेच जावयाचे, असा नियम होता. पुढे त्याच जागी उभारलेल्या व हेरोद राजाने वाढविलेल्या देवळात तर परकीयांस आतल्या चौकाची बंदी होती. ओलांडील त्याच्या मरणास तोच जबाबदार, अशा मजकुराची ग्रीक भाषेतील शिळा १८७१ साली यरुशलेमेत सापडली आहे. हे देऊळही रोमन सैन्याने इ. स. ७० मध्ये पाडले. परंतु ख्रिस्ताच्या मरणसमयी पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, असे शुभवर्तमानकार सांगतात, आणि माणसांचा समुदाय हेच आता देवाचे मंदिर, असे पौलाने आपल्या पत्रांत शिकविले. ख्रिस्ती उपासनेच्या दृष्टीने त्या प्राचीन बांधकामाचा सारा अर्थ येथे येऊन ठेपतो: देऊळ बांधले गेले ते शेवटी पडदा दूर व्हावा म्हणून.

कोणी म्हणेल, हा ख्रिस्त्यांचा विचार. आम्हांस त्याचे काय? आमचे उत्तर असे की, तो शिलालेख आमच्या देवळांवर कोरलेला नव्हता इतकेच. बंदी तीच होती. चोखामेळा १३३८ साली मंगळवेढ्यास गावकुसाच्या कामावर भिंत कोसळून गाडला गेला, अशी परंपरा आहे. त्याची समाधी पंढरीच्या महाद्वारापाशी, म्हणजे दाराबाहेरच आहे. जातीच्या लोकांना आत जाऊ देण्यासाठी १९४७ साली साने गुरुजींस प्राण पणास लावून उपोषण करावे लागले. सहाशे वर्षे आमचा पडदा फाटला नाही!

आणि ख्रिस्ती बंधूंनीही स्वतःस वगळू नये. दक्षिणेतील मंडळ्यांत जातवार बैठका चालत. कलकत्त्याचे बिशप विल्सन यांनी १८३३ साली त्या मोडण्याची आज्ञा केली तेव्हा अनेकांनी मंडळी सोडली, पण जात सोडली नाही. तिकडील काही दफनभूमींत जातीची भिंत आमच्या काळापर्यंत उभी राहिली. याउलट आमच्याच शेजारी, नगरास, नारायण वामन टिळकांनी मराठी भजन-कीर्तन ख्रिस्ती उपासनेत रुजविले आणि १९१७ साली 'देवाचा दरबार' स्थापून बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांसही त्यात जागा दिली. पडदा फाटणे म्हणजे काय, हे त्यांना कळले होते असे आम्ही म्हणू.

शिल्पाचा आम्ही द्वेष करीत नाही. परळीच्या वैजनाथाचा जीर्णोद्धार अहिल्याबाईंनी केला याचा आम्हांस अभिमान आहे. पण तेथील शिळा वाहणारांपैकी एकाचेही नाव आमच्या तोंडी नाही, याची खंतही असावी. आजही या जिल्ह्यातून दरसाल दिवाळीच्या सुमारास लाखो स्त्री-पुरुष मुकादमाची उचल घेऊन, कोयता व चिलीपिली पाठीशी बांधून ऊसतोडीस जातात, आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. ते घरी नसता त्यांच्या गावी देवळाचा कळस चढतो, चर्चची इमारत उठते, वर्गणीदारांची नावे संगमरवरात कोरली जातात. शलमोनाच्या खाणीतले लोक हेच नव्हेत काय?

म्हणून आमची सूचना साधी आहे. यापुढे देऊळ वा चर्च बांधणाऱ्या प्रत्येक कमिटीने वर्गणीचे पुस्तक उघडण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःस विचारावेत. दगड फोडणाऱ्यास व विटा वाहणारीस पुरी मजुरी वेळेवर मिळेल काय? इमारत पुरी झाल्यावर तीच माणसे आत कोठे बसतील? आणि देणगीदार दुकानदाराच्या तराजूत व गाभाऱ्यातील आज्ञेत काही मेळ आहे काय? या तिहींची उत्तरे ज्यांस लाजेशिवाय देता येतील, त्यांनी खुशाल बांधावे. ज्यांस देता येणार नाहीत, त्यांनी आधी खाणीत जावे आणि स्वतःस घडवून घ्यावे. देव तोवर उघड्यावर राहण्यास तयार आहे.