बारशाचे नाव आणि त्याचा अर्थ

गोकुळाष्टमीच्या कीर्तनात पाळणा झाला, की नंदाघरच्या नामकरणाची कथा मी आवर्जून सांगतो. भागवताच्या दशम स्कंधात, आठव्या अध्यायात ती आहे. कंसाच्या भयाने गर्गाचार्यांनी हा संस्कार गोठ्यात गुपचूप उरकला. ना वाजंत्री, ना आप्तेष्ट. तरीही प्रत्येक नावाचे कारण त्यांनी सांगितले. सुहृदांना रमवील म्हणून राम, बळ अधिक म्हणून बल, यादवांना एकत्र आणील म्हणून संकर्षण. आणि धाकट्याचा वर्ण या युगी काळा म्हणून कृष्ण. आज मांडव मोठा, पाहुणे शे-दोनशे, आणि नावाचा अर्थ मात्र घरात कोणासच ठाऊक नाही, अशी बारशी मी पुष्कळ पाहिली.

नादाची आवड हा काही आजचा दोष नव्हे. आश्वलायन गृह्यसूत्रानेही मुलाच्या नावाच्या आरंभी घोषवर्ण आणि मध्ये अंतःस्थ असावा, असे सांगितले आहे. परंतु मुलीचे नाव उच्चारास सुलभ असावे असे म्हणणारी मनुस्मृती, त्याचा अर्थही स्पष्ट असावा असे त्याच श्लोकात बजावते. आम्ही पहिली गोष्ट घेतली, दुसरी सोडली. 'अर्णव' म्हणजे समुद्र. त्याच्याच चालीवरचे 'आरव' घरोघरी ऐकू येते आणि त्याचा अर्थ 'शांत' म्हणून सांगितला जातो. कोशात मात्र आरव म्हणजे आवाज, ओरड! (तान्ह्या बाळाला ते शोभतेही म्हणा.) अनिल म्हणजे वायू, अनल म्हणजे अग्नी. दिनेश हा सूर्य; पहिली वेलांटी दीर्घ केली की तो दीनांचा स्वामी होतो. हा अर्थही वाईट नाही, पण तो सूर्य नव्हे. 'अनीश' तर अभ्यासकालाही थबकवणारा शब्द. विष्णुसहस्रनामात, ज्याच्यावर कोणी स्वामी नाही असा तो परमात्मा. श्वेताश्वतर उपनिषदात तोच शब्द असमर्थ, बद्ध जीवासाठी आला आहे. येथे अक्षर एक आणि अर्थ दोन. मग ज्यांची अक्षरेच भिन्न, त्यांची गोष्ट काय सांगावी!

गेल्या वर्षी परभणी तालुक्यातील झरी येथे कीर्तनानिमित्त मुक्काम होता. यजमानांच्या नातीचे नाव आईवडिलांनी मोबाईलवर पाहून 'ईषा' ठरविले होते. पत्रिकाही छापून आल्या होत्या. मी सहज बोलून गेलो, "स्वामिनी या अर्थी हवे असेल तर तालव्य श, 'ईशा'. पोटफोड्या ष घातला की तो नांगराचा दांडा." मुलीच्या आईचा चेहरा उतरला. आजीबाई सुनेकडे पाहू लागल्या. विद्या खरी, पण वेळ चुकली, हे माझ्या ध्यानी आले. मग मी सांगितले, सीता म्हणजे तरी काय? नांगराचे तास. जनकाला ती भूमी नांगरतानाच सापडली. आणि गोठ्यात ज्याचे नाव ठेवले, त्या बलरामाला हलधर म्हणतात, तो याच दांड्यामुळे.

आजोबा आजवर गप्प होते. "महाराज," ते म्हणाले, "हे घर नांगरावरच उभं राहिलं. अर्थ कळला, आता बदलू नका."

पत्रिका तशाच वाटल्या गेल्या. पाळण्याशी आत्याने कानात नाव सांगितले, तेव्हा 'ष' शुद्ध उच्चारला गेला की नाही, हे मात्र मला ऐकू आले नाही.